वहीतल्या नोंदी आणि आपण सांगत फिरतो ती गोष्ट

जवळजवळ अकरा वर्षं मी स्वतःबद्दल एकच वाक्य सांगत होते, "मी सुरुवात जोरात करते आणि मग अर्धवट सोडते." नवीन ओळख झाली की हेच, इंटरव्ह्यूत कुणी कमतरता विचारली की हेच, रात्री झोप उडाली की स्वतःलाही हेच. वाक्य प्रामाणिक वाटायचं म्हणून कुणी अडवायचंही नाही. पण त्या एका वाक्यापायी मी किती गोष्टींना आधीच नाही म्हणून बसले ते आता आठवलं की जीव हळहळतो. दोन वर्षांचा एक कोर्स होता, एक मोठं प्रोजेक्ट अगदी चालून आलं होतं, आणि मी "कशाला उगाच, मधेच सोडशील" असं स्वतःलाच सांगून मोकळी. ते वाक्य खरं आहे का, हे मात्र एकदाही तपासलं नव्हतं.

तपासलं ते एका वहीमुळे. कसं ते पुढे सांगते, पण आधी ज्यांना हे करून बघायचंय त्यांच्यासाठी एक फरक स्पष्ट करते, कारण इथेच बहुतेकांची गाडी अडते. जर्नलिंग, म्हणजे रोज स्वतःबद्दल वहीत लिहिणं, म्हटलं की लोक दोन वेगळ्या गोष्टी एकाच पानावर कालवतात. एक असते नोंद, म्हणजे काय घडलं ते. दुसरी असते गोष्ट, म्हणजे घडलेल्यातलं आपण काय उचललं, कशाला काय जोडलं आणि त्यावरून "मी अशी आहे" हे कसं ठरवलं ते. नुसत्या नोंदी केल्या तर वर्षाच्या शेवटी हातात हजेरीपट उरतो. नुसती गोष्ट लिहीत राहिलात तर तेच तेच वाक्य रोज नव्या शब्दांत घोटलं जातं आणि आणखी पक्कं होतं. दिशा सापडते ती दोघींना समोरासमोर बसवल्यावर, असा माझा अनुभव आहे आणि आता खात्रीही.

नोंद वेगळी का ठेवायची? कारण आठवणीवर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही. २८ जानेवारी १९८६ ला अमेरिकेचं चॅलेंजर अवकाशयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत फुटलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अमेरिकेतल्या एमोरी विद्यापीठात उल्रिक नायसर या मानसशास्त्रज्ञाने विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं की ही बातमी तुम्हाला कुठे, कशी, कुणाकडून कळली. अडीच वर्षं उलटल्यावर त्यातल्या ४४ जणांना तेच पुन्हा विचारलं. ११ जणांच्या उत्तरातली एकही मुख्य गोष्ट मूळ कागदाशी जुळली नाही, आणि चुकलेल्यांपैकी बरेच जण स्वतःच्या आठवणीबद्दल एकदम ठाम होते. त्यांच्याच हस्ताक्षरातला जुना कागद समोर ठेवला तरी मूळ आठवण काही परत आली नाही. मी हे वाचलं तेव्हा पहिला विचार हाच आला की एवढी मोठी घटना अशी बदलते, मग "मी मागे एकदा कोर्स का सोडला" याचं जे कारण मी वर्षानुवर्षं सांगतेय त्याचं काय घेऊन बसलाय.

तर वही कशी ठेवायची

साधी वही घ्या, दोन समोरासमोरची पानं दिसतील अशी. डावं पान नोंदीचं, उजवं पान सध्या कोरं ठेवायचं. हो, कोरंच, निदान पहिले पाच-सहा आठवडे. हात शिवशिवतात तिथे काहीतरी लिहायला, पण थांबा. फोनवर लिहिणार असाल तरी चालेल, दोन वेगळ्या फाइल करा, फक्त नोंदीच्या फाइलमधे मागे जाऊन दुरुस्त्या करायच्या नाहीत एवढं पाळा.

आता पहिलंच पान उलटायच्या आधी, वहीच्या अगदी सुरुवातीला, आपण स्वतःबद्दल नेहमी सांगतो ते वाक्य लिहा आणि पुढे तारीख टाका. "मला गर्दीत जमत नाही." "मी उशिरा सुरुवात केली, आता काय होणार." "मी घरच्यांसाठी सगळं सोडलं." पटकन सापडत नसेल तर असं आठवा की कुणी नवीन काही सुचवलं की तुमच्या तोंडून पहिलं वाक्य कुठलं बाहेर पडतं. बहुतेक वेळा तेच असतं. ते लिहायचं आणि तिथेच सोडायचं, त्यावर विचार करायचा नाही, ते बरोबर की चूक हे ठरवायचं नाही.

मग रोजची नोंद. चार-सहा ओळी, दहा मिनिटांच्या वर नको. कधी, काय केलं, सोबत कोण होतं, आणि ते झाल्यावर अंगाला कसं वाटलं. मनाला नाही म्हणत, अंगाला म्हणतेय, कारण मनाला विचारलं की ते लगेच गोष्ट सांगायला लागतं. खांदे आखडले होते, घड्याळ बघितलं नाही, पोटात खड्डा पडला, असं लिहा. आणि स्वतःबद्दलची विशेषणं डाव्या पानावर पूर्ण बंद. "आज पण आळशीपणा केला" ही नोंद नाही, तो निकाल झाला. "साडेसहाचा अलार्म बंद केला, पावणेआठला उठले, रात्री एक वाजता झोपले होते" ही नोंद. बघा, दुसरीत आळस कुठेच नाही, उशिरा झोपणं मात्र आहे.

माझ्या वहीतल्या एकाच मंगळवारच्या दोन नोंदी जशाच्या तशा देते.

"आठ वाजता कोर्सचा व्हिडिओ लावला, एकटी. दहाव्या मिनिटाला फोन हातात. वीस मिनिटांनी बंद केला. मान दुखत होती."

"नऊला भाचीचा कॉल, अपूर्णांक. अर्ध्या तासाचं ठरलं होतं, सव्वा तास झाला. तिसरं गणित तिने माझ्याशिवाय सोडवलं, ओरडली, मावशी आलं! फोन ठेवल्यावर कळलं की तहान लागली होती."

लिहिताना मला यात काहीच विशेष दिसलं नव्हतं. दोन्ही नोंदी एका खाली एक होत्या आणि मी वही मिटून झोपले.

आणखी एक सवय लावून घ्या, ही मी डार्विनकडून उचललीय. त्याने आत्मचरित्रात लिहून ठेवलंय की आपल्या निष्कर्षाच्या विरुद्ध जाणारी एखादी गोष्ट दिसली की तो ती न चुकता, लगेच टिपून ठेवायचा, कारण सोयीच्या गोष्टींपेक्षा अशा गोष्टी मनातून लवकर निसटतात हे त्याच्या लक्षात आलं होतं. तो हे त्याच्या शास्त्रासाठी करायचा, आपण स्वतःसाठी करायचं. तुमच्या त्या पहिल्या पानावरच्या वाक्याच्या विरुद्ध जाणारं काहीही घडलं, कितीही किरकोळ असो, की त्याच दिवशी नोंद आणि समासात एक फुली. "हे काय, हे तर असंच झालं" असं मन म्हणेल, म्हणू द्या. फुली मारायचीच.

दिवस चुकले तर मागचे भरत बसू नका, आठवून लिहिलेली नोंद म्हणजे पुन्हा गोष्टच. आजची तारीख टाकायची आणि पुढे चालायचं. इंग्लंडमधे मॅरियन मिलनर नावाच्या बाईंनी १९२६ मधे अशीच डायरी सुरू केली होती, आपल्याला नक्की कशाने आनंद होतो हे ठरवून नाही तर बघून शोधायचं म्हणून, आणि ते काम त्यांनी सात वर्षं चालवलं. आपल्याला सात वर्षं नकोत, सहा आठवडे पुरे, पण "ठरवून नाही, बघून" हे मात्र तंतोतंत तेच.

उजवं पान

सहा आठवडे झाले की एक निवांत दुपार काढा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा आणि आता गोष्ट लिहा. इथे कसं लिहायचं याची एक चांगली चौकट अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ डॅन मॅकअॅडम्स यांनी घालून दिलीय, ते लोकांच्या मुलाखती घेऊन त्यांची आयुष्यगोष्ट ऐकतात. आधी आयुष्याचे भाग पाडायचे, दोनापासून सातापर्यंत कितीही, आणि पुस्तकातल्या प्रकरणांसारखं प्रत्येकाला नाव द्यायचं. मग एक सगळ्यात वरचा क्षण, एक सगळ्यात खालचा आणि एक जिथे वळण आलं तो. मग पुढचं प्रकरण. क्षण लिहिताना काळ नाही, प्रसंग लिहा. "कॉलेजची वर्षं वाईट गेली" असं नाही, तर त्या एका संध्याकाळी कोण कुठे उभं होतं, कोण काय बोललं, हातात काय होतं.

प्रकरणांची नावं देताना घाई करू नका, अख्खी दुपार यातच गेली तरी चालेल. मी एका प्रकरणाला आधी "वाया गेलेली चार वर्षं" असं नाव दिलं होतं. नाव लिहून झाल्यावर त्या चार वर्षांतले प्रसंग आठवायला बसले तर त्याच काळात मी गाडी शिकले, त्याच काळात बाबांचं आजारपण काढलं, त्याच काळात माझी आजची सगळ्यात जवळची मैत्रीण भेटली. मग वाया काय गेलं होतं? एक डिग्री. नाव बदलून "डिग्रीशिवायची चार वर्षं" केलं आणि एवढ्याने सुद्धा गळ्यात काहीतरी दाटून आलं, कारण त्या नावाखाली आता बाबांनाही जागा होती.

मॅकअॅडम्स दोन चाली सांगतात त्या ओळखायला शिका. एकीत वाईटापासून सुरुवात होते आणि त्यातून काहीतरी चांगलं निघतं. दुसरीत चांगलं चाललेलं असतं आणि मग ते नासतं, आणि नासल्यावर मागचं चांगलंही कडू होऊन जातं. पहिल्या चालीने गोष्ट सांगणारे लोक सरासरीने जास्त समाधानी आढळले आहेत. पण याचा अर्थ प्रत्येक दुःखाला ओढूनताणून गोड शेवट लावायचा असा अजिबात नाही हां. काही गोष्टी नुसत्या वाईटच असतात, त्यांना तसंच लिहा. तपासायचं एवढंच की तुमच्या सगळ्याच गोष्टी एकाच जागी तुटतात का. मी कोर्स सोडला तिथे माझी गोष्ट संपायची, सोडल्यानंतर मी काय केलं हे गोष्टीत कधी यायचंच नाही. पूर्णविराम कुठे टाकायचा हे आपण ठरवत असतो आणि ते बऱ्याचदा फार आधी ठरवून टाकतो.

एवढ्याशा फरकाने आयुष्याची दिशा खरंच हलते का, असं वाटत असेल तर टिमोथी विल्सन आणि पॅट्रिशिया लिनव्हिल या मानसशास्त्रज्ञांचा १९८२ चा प्रयोग बघा. कॉलेजच्या पहिल्या वर्षात मार्कांची काळजी लागलेले ४० विद्यार्थी घेतले, त्यातल्या निम्म्यांना फक्त एवढं दाखवलं की पहिल्या वर्षी बऱ्याच जणांचं असं होतं आणि पुढे मार्क सुधारतात. बाकीच्यांना हे काही सांगितलं नाही. दुसऱ्या वर्षाच्या शेवटापर्यंत न सांगितलेल्यांपैकी २५ टक्क्यांनी कॉलेज सोडलं होतं, सांगितलेल्यांपैकी ५ टक्क्यांनी. गट लहान आहे, त्यावर इमले बांधू नका, पण काय बदललं ते बघा. अभ्यास तोच होता, मुलंही तशीच होती. "माझी लायकी नाही" याच्या जागी "सुरुवात अवघड असते" हे वाक्य आलं, आणि दोन्ही वाक्यांना हातात पुरावा तोच, कमी मार्क.

समोरासमोर

आता डावं आणि उजवं पान एकत्र वाचायचं. रंगीत पेन घ्या आणि समासातल्या फुल्या आधी गोळा करा, त्या सगळ्या एका वेगळ्या कागदावर उतरवा.

ऑस्ट्रेलियातले मायकेल व्हाइट आणि न्यूझीलंडचे डेव्हिड एप्स्टन यांनी नॅरेटिव्ह थेरपी नावाची समुपदेशनाची जी पद्धत उभी केली तिच्या गाभ्याशी हेच काम आहे. एखाद्याची स्वतःबद्दलची गोष्ट कितीही पक्की असली तरी तिच्यात न बसणारे प्रसंग असतातच, ते हुडकायचे आणि विचारायचं, हे कसं काय जमलं? दुसरं या पद्धतीत असं करतात की अडचण माणसापासून सोडवून बाजूला ठेवतात. "मी रागीट आहे" नाही, तर "राग कधी येतो, कुणासोबत येतो, कुठे कधीच फिरकत नाही". हे फक्त शब्दांचे खेळ वाटतील, मलाही वाटले होते, पण "मी सोडून देणारी आहे" याच्यावर पुढे काही प्रश्नच विचारता येत नाही आणि "सोडणं माझ्याकडे कधी येतं" यावर दहा प्रश्न विचारता येतात.

मी ते विचारले. सहा आठवड्यांत सुरू असलेल्या नऊ गोष्टी निघाल्या, त्यातल्या चार मी सोडल्या, पाच टिकल्या. पाच टिकल्या हेच मला नवीन होतं, मी तर सगळंच सोडते ना? मग बाकीचे रकाने बघितले. वेळ बघितली, काही लागेना. अवघड सोपं बघितलं, तेही नाही, भाचीचे अपूर्णांक काही सोपे नव्हते. शेवटी "सोबत कोण" हा रकाना खाली ओढत गेले आणि सोडलेल्या चारही गोष्टींपुढे एकच शब्द, एकटी, एकटी, एकटी, एकटी. टिकलेल्या पाचही ठिकाणी कुणीतरी माझी वाट बघत होतं. भाची, ऑफिसातला एक नवीन मुलगा ज्याला मी सॉफ्टवेअर दाखवत होते, सोबत चालायला येणारी शेजारीण. त्या मंगळवारच्या दोन नोंदी एका खाली एक इतके आठवडे तिथेच पडून होत्या.

नवीन वाक्य लिहिलं, "कुणी वाट बघत असेल तर मी सोडत नाही." जुन्या वाक्यापेक्षा हे काही फार कौतुकाचं नाही, पण याला दिशा आहे, याच्यावरून पुढे काय करायचं ते कळतं. तुमचं नवीन वाक्यही याच कसोटीवर घासा. "मी खूप सक्षम आहे" हे ऐकायला छान वाटेल पण उद्या सकाळी काय वेगळं करायचं हे त्यातून निघत नाही, आणि तुमच्या नोंदींत त्याचा पुरावाही नसेल. पुरावा नसलेलं वाक्य मन मानत नाही, चार दिवसांनी ये रे माझ्या मागल्या.

आता मोठ्याने सांगा

ही पायरी लोक गाळतात आणि मला वाटतं तीच सगळ्यात कामाची आहे. नवीन गोष्ट कुणाला तरी तोंडाने सांगायची, लिहिलेली वाचून नाही, सांगायची. लिहिताना जे खपून जातं ते सांगताना अडखळतं. "आणि मग... काय झालं माहितीय का..." असं जिथे होतं तिथे बहुतेक आपण स्वतःपासून काहीतरी लपवत असतो, ती जागा घरी येऊन वहीत लिहा.

पण कुणाला सांगायची ते जपून निवडा. मोनिशा पशुपती या मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मधे दाखवलं की ऐकणाऱ्याचं लक्ष नसेल तर सांगणारा तेव्हा तर कमी सांगतोच, पण पुढे काही आठवड्यांनी त्याला स्वतःलाही ते कमी आठवतं. म्हणजे फोनमधे डोकं घालून "हं, हं" करणाऱ्या माणसाला आपली गोष्ट सांगणं हे आपलंच नुकसान आहे. सल्ला देणारा माणूसही इथे नको. असा माणूस शोधा जो "मग?" एवढंच विचारतो. मी मैत्रिणीला सांगितलं, तेच वरचं, नऊ गोष्टी, पाच टिकल्या वगैरे, आणि ती म्हणाली, "मग तो कोर्स तू एकटीनेच का करत होतीस?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. आठ दिवसांनी त्याच कोर्सला ती माझ्यासोबत बसायला लागली.

असा माणूस नसेल तर स्वतःबद्दल तिसऱ्या माणसासारखं लिहा, "ती त्या दिवशी ऑफिसातून निघाली आणि" असं, आपलं नाव घेऊन. मिशिगन विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ इथन क्रॉस यांचं काम यावर आहे, स्वतःशी "मी" ऐवजी नावाने बोललं की थोडं अंतर येतं आणि तापलेल्या प्रसंगाकडे जरा शांतपणे बघता येतं. विचित्र वाटतं खरं पण पाच ओळींनंतर हात सरावतो.

पुढचं प्रकरण

मोठी ध्येयं लिहू नका. एक दिवस लिहा, आजपासून तीन वर्षांनंतरचा, आणि तोही साधा कामाचा दिवस. सकाळी उठल्यावर कुणाशी बोललात, अकरा वाजता समोर काय काम आहे, संध्याकाळी थकवा कसला आहे. मानसशास्त्रज्ञ लॉरा किंग यांच्या २००१ च्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस रोज २० मिनिटं आपलं सगळ्यात चांगलं भविष्य लिहिलं होतं आणि त्यांना त्याचा फायदा दिसला. पण मनातल्या मनात मांडे खाण्याचा धोका इथेच आहे. गॅब्रिएले ओटिंगन या मानसशास्त्रज्ञांनी जर्मनीत नुकतेच पदवीधर झालेल्यांचा मागोवा घेतला तेव्हा नोकरीची गोड स्वप्नं जास्त रंगवणाऱ्यांनी दोन वर्षांत अर्ज कमी केले होते आणि त्यांना नोकऱ्याही कमी आल्या होत्या. म्हणून तो दिवस लिहून झाला की लगेच त्याच पानावर खाली लिहा, याच्या आड माझ्यातलं काय येतं? डाव्या पानावरून उत्तर काढा, मनाने नको.

आणि मग एक "असं झालं की मी असं करीन" या साच्यातलं वाक्य. कधी, कुठे, काय. मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांच्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना सुट्टीत एक रिपोर्ट लिहून पाठवायचा होता, ज्यांनी आधीच वेळ आणि जागा ठरवून लिहिली होती त्यांच्यातल्या साधारण चारातल्या तिघांनी वेळेत पाठवला, बाकीच्यांत तिघांतल्या एकाने. माझं वाक्य होतं, "सोमवारची मीटिंग संपली की मी सरांकडे जाऊन नवीन लोकांचं ट्रेनिंग मागेन." मागितलं. दोन आठवडे करून बघ म्हणाले. दोन आठवड्यांचा प्रयोग ही फार चांगली मुदत आहे, आयुष्य पणाला लागत नाही आणि वहीत दहा नोंदी जमतात. आज माझं निम्मं काम तेच आहे.

जपायच्या गोष्टी

जखम ताजी असेल तर हे करू नका, काही आठवडे जाऊ द्या. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनबेकर यांनी १९८६ मधे विद्यार्थ्यांना चार दिवस रोज १५ मिनिटं आयुष्यातल्या सगळ्यात त्रासदायक प्रसंगाबद्दल लिहायला लावलं, ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या ते पुढच्या सहा महिन्यांत डॉक्टरकडे कमी वेळा गेले, पण लिहून झाल्या झाल्या त्यांना आधीपेक्षा वाईटच वाटत होतं. तेव्हा लिहिल्यावर तासभर जड वाटलं तर घाबरू नका. मात्र एखादा विषय लिहिला तर आपण कोसळू असं वाटत असेल तर तो लिहायचा नाही, हे पेनबेकर स्वतःच सांगतात. असल्या लिखाणावरचे १४६ अभ्यास २००६ मधे एकत्र तपासले गेले तेव्हा सरासरी फायदा निघाला पण लहानसा. वही म्हणजे उपचार नव्हे. झोप, जेवण, जगावंसं वाटणं यातलं काही बिघडलं असेल तर आधी डॉक्टर किंवा समुपदेशक, वही नंतर.

आपण नुसते उगाळत बसलोय हे कसं ओळखायचं? मागची चार पानं वाचा आणि "कारण", "लक्षात आलं", "म्हणजे" असे शब्द शोधा. पेनबेकर यांनी लोकांचं लिखाण शब्द मोजून तपासलं तेव्हा ज्यांना फायदा झाला त्यांच्या लिखाणात दिवसागणिक असे शब्द वाढत गेलेले दिसले. चारही पानांवर तीच तक्रार त्याच शब्दांत असेल तर त्या विषयाला महिनाभर सुट्टी द्या आणि फक्त डावं पान चालू ठेवा.

आणि काही लोकांना आपलं आयुष्य गोष्टीसारखं वाटतच नाही, तुकडे तुकडे वाटतात. गॅलन स्ट्रॉसन या तत्त्वज्ञाने २००४ मधे हे ठासून मांडलंय की असं असण्यात काही कमी नाही. तुम्ही त्यातले असाल तर प्रकरणं पाडायच्या भानगडीत पडू नका, नोंदी, फुल्या आणि दोन आठवड्यांचे प्रयोग एवढं पुरेल.

परत वाचणं

तीन महिन्यांनी एकदा वही पहिल्या पानापासून वाचायची, हातात पेन न घेता. दुसऱ्या दिवशी पेन घेऊन. पहिल्या पानावरचं वाक्य आता नोंदींशी जुळत नसेल तर ते खोडायचं, पण एकाच आडव्या रेघेने, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि रेघेपुढे खोडल्याची तारीख. गिरगटून टाकू नका, पान फाडू तर अजिबात नका, नाहीतर वर्षभराने मन सांगेल की मी तर असं कधी म्हणतच नव्हते. नवीन वाक्य खाली, त्याचीही तारीख, आणि त्याच्याविरुद्ध जाणाऱ्या नोंदींना त्याच दिवसापासून फुली. हो, नवीन वाक्यालाही, ते कितीही आवडतं असलं तरी.

माझ्या पहिल्या पानावर सध्या तीन वाक्यं आहेत. पहिलं अर्थात खोडलेलं. दुसरं, वाट बघण्याचं, ते पण गेल्या पावसाळ्यात खोडलं, कारण मी एकटीने एक काम पहिल्यापासून शेवटपर्यंत नेलं आणि समासात सलग अकरा फुल्या जमल्या. तिसऱ्याला सात महिने झालेत, त्याच्यापुढे आत्तापर्यंत चार फुल्या आहेत आणि पुढचं वाचन मार्चमधे आहे.